आपल्या पायाखालची जमीन चालते आहे

जगात सर्वांत भरवशाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आपण पटकन म्हणतो, जमीन! माणसे बदलतात, नोकरी जाते, गिरणीचे भोंगे बंद पडतात, नदीसुद्धा आपले पात्र सोडते. पण जमीन कुठे जाणार? ‘पायाखालची जमीन सरकली’ असे आपण म्हणतो तेव्हा अघटित काही घडले, असेच आपल्याला सुचवायचे असते. वाचक बंधू-भगिनींनो, आज या सदरात आम्ही सांगणार आहोत की जमीन खरोखरच सरकते. दररोज सरकते. तुम्ही हे वाचत असताना, चुलीवर भात रटरटत असताना, मुले शाळेत पाढे म्हणत असताना सबंध भारत देश, त्यावरची शेते, कारखाने, झोपड्या आणि बंगले यांच्यासह ईशान्येकडे सरकत आहे. वेग असा की वर्षाकाठी जेमतेम ५ सेंटिमीटर. आपल्या बोटाची नखे वर्षभरात साधारण जेवढी वाढतात, त्याच्याच आसपास!

हे ऐकून कोणी हसेल. वर्षाला चार-पाच सेंटिमीटर जमीन सरकली तर आपल्या संसारात काय फरक पडतो, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्याने दिले आहे. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावे हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील सुमारे ८ ते १० हजार माणसे झोपेतच गाडली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. त्यानंतर गावोगावी अनेक कारणे सांगितली गेली. कोणी म्हणाले पाप वाढले, कोणी म्हणाले देवीचा कोप झाला, कोणी नवस-शांती सुचवली. पाळण्यातल्या पोराने कोणते पाप केले होते, याचा जबाब मात्र एकानेही दिला नाही.

कोणतीही गोष्ट कारणाशिवाय घडत नाही, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. मग भूकंपाचे कारण शोधायला आपण का कचरावे? ते कारण शोधता शोधता डोंगर कसे उभे राहिले, समुद्र कसे फाकले आणि आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा दगड कुठून आला, इथपर्यंत आपण पोचतो. चला तर मग, पायाखालीच पाहू.

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७० किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या गोळ्यावर आपण ज्या कठीण खडकाळ कवचावर राहतो ते अगदीच पातळ. वरच्या कवचासह खालचा कडक थर धरला तरी त्याची जाडी सरासरी १०० किलोमीटरच्या घरात भरते. दुधाच्या मोठ्या पातेल्यावर साय धरावी तसा हा प्रकार आहे. मात्र ही साय अखंड नाही. तिला तडे गेलेले आहेत, तिचे तुकडे पडलेले आहेत. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. मोठे भूपट्ट सात मानतात, शिवाय लहान अनेक आहेत. आपला भारत ज्या पट्टावर आहे त्याला भारतीय भूपट्ट म्हणतात. त्याच्यावर नुसती जमीन नाही, हिंदी महासागराच्या तळाचाही मोठा भाग आहे.

या तुकड्यांच्या खालचा खडक फार तापलेला आहे. तो वितळलेल्या रसासारखा पातळ आहे, असा पुष्कळांचा समज असतो, तसे नाही. तो घनच आहे, पण लाखो वर्षांच्या हिशेबात वाहतो. रस्त्याच्या कामावर राबलेल्या आमच्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. थंडीतला डांबराचा गोळा हातोडा मारला तर दगडासारखा फुटतो. पण तोच गोळा फळीवर ठेवून दिला तर दिवसांमागून दिवस हळूच पसरत जातो. झटक्याला फुटणे आणि सवडीने वाहणे, हे दोन्ही गुण एकाच वस्तूत असू शकतात. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे खालचा खडक असा सावकाश वर-खाली फिरत राहतो. शिवाय समुद्राखालच्या पट्टाची जुनी, थंड आणि जड झालेली कड स्वतःच्या वजनाने खाली बुडू लागते आणि ओल्या गोधडीचे एक टोक दोरीवरून खाली लोंबले की उरलेली गोधडी जशी ओढली जाते, तशी मागच्या पट्टाला ओढून नेते. पट्ट चालतात ते मुख्यतः या ओढीमुळे.

ही गोष्ट माणसाला कळली कशी? जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. १९१२ साली त्यांनी मांडले की सगळे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर ते दूर दूर सरकले. १९१५ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा फाटलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांसारखे जुळतात. समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखेच खडक आणि सारख्याच प्राचीन प्राण्या-वनस्पतींचे अवशेष सापडतात, हे त्यांनी दाखवले. त्या काळच्या बहुतेक नामवंत भूवैज्ञानिकांनी त्यांना उडवून लावले. हा हवामानवाला आमच्या विषयात नाक का खुपसतो, असाच एकूण सूर होता. एक आक्षेप मात्र रास्त होता. एवढे खंड ढकलणारी शक्ती कोणती? याचे पटणारे उत्तर वेगेनर यांच्यापाशी नव्हते. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असतानाच ते वारले. आपले म्हणणे खरे ठरलेले पाहणे काही त्यांच्या वाट्याला आले नाही.

या कथेत आपल्या विदर्भाचाही वाटा आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. मध्य भारतातील गोंड आदिवासींच्या प्रदेशात जे विशिष्ट जुने खडक आढळले त्यांना एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे ऑस्ट्रियाचे एडवर्ड झ्युस यांनी दक्षिणेकडील प्राचीन महाखंडालाच ‘गोंडवाना भूमी’ म्हटले. आज जगभरातल्या भूगोलाच्या पुस्तकांत हे नाव आहे. ज्या लोकांना रानटी म्हणून हिणवले गेले त्यांच्या नावाने निम्म्या जगाचा प्राचीन नकाशा ओळखला जातो, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

चंद्रपूर, वणी, कामठी या भागांतील कोळशाच्या खाणींत आमचे कितीतरी वाचक राबले आहेत, आजही राबत आहेत. तो कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. त्या जंगलांत ग्लॉसॉप्टेरिस नावाचे झाड होते. त्याचे पान जिभेच्या आकाराचे; ग्रीक भाषेत जिभेला जो शब्द आहे त्यावरूनच त्याला हे नाव पडले. या पानाचे ठसे भारतात सापडतात, आफ्रिकेत सापडतात, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना इंग्रज कप्तान स्कॉट आणि त्यांचे साथीदार थंडीने आणि उपासमारीने मेले. शोधपथक त्यांच्या तंबूपाशी पोचले तेव्हा तिथे सुमारे १६ किलो दगड सापडले. जीव जात असतानाही त्या माणसांनी ते ओझे टाकले नव्हते. त्या दगडांत याच पानाचे ठसे होते! झाड काही समुद्र पोहून जात नाही. चंद्रपूरची जमीन आणि दक्षिण ध्रुवाची जमीन एकेकाळी एकमेकींना चिकटून होती, याचा आणखी कोणता पुरावा हवा? एवढेच कशाला, उन्हाळ्यात ४६-४७ अंशांनी भाजून निघणाऱ्या चंद्रपूरच्या परिसरात त्याहूनही जुन्या काळच्या हिमनद्यांनी घासलेल्या खडकांच्या खुणा मिळालेल्या आहेत.

तरीही वेगेनर यांचा विचार अडगळीतच पडून होता. तो बाहेर काढण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्यांतील एका बाईंची हकिकत आमच्या माता-भगिनींनी आणि शिकणाऱ्या मुलींनी मुद्दाम वाचावी. अमेरिकेतील मेरी थार्प यांचा जन्म १९२०चा. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले म्हणून विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचे दार मुलींसाठी किलकिले झाले, त्यातून त्या आत शिरल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना नोकरी लागली. समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजांवर बाईला चढायला मनाई होती. पुरुष सहकारी ब्रूस हीझन जहाजावरून आकडे आणीत आणि मेरीबाई मेजावर बसून, शाई आणि कागद घेऊन, त्या आकड्यांतून समुद्राच्या तळाचा नकाशा काढीत.

१९५२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की अटलांटिक महासागराच्या मधोमध जी पाण्याखालची डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावर लांबच लांब घळ आहे. जणू तिथे जमीन दोन्हीकडे फाकत आहे. त्यांनी हे हीझन यांना सांगितले तेव्हा त्यांनी ही बायकी बडबड म्हणून झटकून टाकली. मेरीबाईंनी वाद घालत बसण्याऐवजी काम चालू ठेवले. पुढे त्याच खोलीत दुसरा एक माणूस समुद्राखालील भूकंपांच्या जागा नकाशावर टिंबांनी मांडत होता. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहिले, तो भूकंपांची टिंबे नेमकी त्या घळीतून ओळीने गेलेली! आता नाही म्हणण्याची सोय उरली नाही. खुद्द हीझन यांनाही पटले.

त्यानंतर १९६० च्या दशकात कड्यांमागून कड्या जुळत गेल्या. १९६२ साली हॅरी हेस यांनी मांडले की या घळीतून खालचा तप्त रस वर येतो, थिजतो, नवा समुद्रतळ तयार होतो आणि जुना तळ दोन्ही बाजूंना ढकलला जातो. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या खडकांतील चुंबकीय पट्टे अभ्यासून याला बळकटी दिली. घळीच्या डावीकडे जसे पट्टे तसेच उजवीकडे, आरशात पाहावे तसे. ज्यांनी वेगेनर यांना हसून वेड्यात काढले, त्यांच्याच विद्यार्थ्यांना आता तो विचार वर्गात शिकवावा लागला. मेरी थार्प २००६ साली वारल्या. समुद्रतळाचा त्यांचा जगप्रसिद्ध नकाशा १९७७ साली छापून निघाला होता.

आता पट्ट चालतात म्हणजे काय करतात ते पाहू. दोन शेजारी एकमेकांशी जसे वागतील तितक्याच तऱ्हा इथे आहेत. एकमेकांपासून दूर जाणे, एकमेकांवर चालून जाणे, किंवा खांद्याला खांदा घासून पुढे निघणे.

दूर जातात तिथे नवी जमीन जन्मते. अटलांटिक महासागर वर्षाला सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदावतो आहे. आइसलँड हा देश अशाच फाकणाऱ्या रेषेवर बसला आहे. पूर्व आफ्रिकेतही जमीन अशीच लांबच लांब उकलते आहे. त्या दऱ्यांत मोठमोठी सरोवरे साठली आहेत. आणखी काही कोटी वर्षांनी तिथे समुद्र शिरू शकेल.

चालून जातात तिथे दोन प्रकार. समुद्रतळाचा जड पट्ट जमिनीच्या हलक्या पट्टाखाली बुडतो, तिथे समुद्रात खोल चर पडतो आणि जमिनीवर ज्वालामुखींची रांग उभी राहते. दक्षिण अमेरिकेचा अँडीज पर्वत आणि जपानची बेटे अशी झाली. बुडणारा पट्ट मध्येच अडकला आणि शतकांचा ताण एकदम सुटला, तर समुद्रतळ उचलला जातो आणि त्सुनामी येते. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटाजवळ हेच झाले. तिथे बुडणारा पट्ट भारताच्याच बाजूचा होता. दोन लाखांहून अधिक माणसे गेली. आपल्या देशात तामिळनाडू आणि अंदमान-निकोबारचे कोळी बांधव त्यात फार मोठ्या संख्येने बुडाले. दुसरा प्रकार असा की दोन्ही बाजूंना जमीनच असते. जमीन हलकी, ती सहजासहजी बुडत नाही. मग दोन एडके टकरावेत तशी टक्कर होते, जमीन चुरगळते आणि वर उचलली जाते. हिमालय याच प्रकारातला.

घासून जातात तिथे जमीन जन्मतही नाही आणि बुडतही नाही, पण फाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास ही अशी भेग आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात तिथल्या कुंपणांचे सरळ पट्टे मधोमध तुटले आणि काही ठिकाणी दोन टोकांत ६ मीटरपर्यंत अंतर पडले.

आता आपल्या भारताचा प्रवास. गोंडवाना भूमी फुटली तेव्हा सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटला. नऊ कोटी वर्षांच्या आसपास मादागास्करनेही हात सोडला. मग हा एकटा तुकडा उत्तरेकडे निघाला आणि काही काळ तर वर्षाला १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने धावला. भूपट्टांच्या जगात ही धावच म्हणायची.

वाटेत, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आजच्या रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटातून जो तप्त प्रवाह वर येतो त्याच्यावरून भारत जात होता. त्या काळात जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हारस बाहेर पडला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा एकच ज्वालामुखी नव्हता. भेगांतून रस उतू जाई, मैलोन् मैल पसरे, थिजे, आणि काही काळाने त्यावर दुसरा थर येई. असे थरावर थर चढून आपला महाराष्ट्र घडला. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. सह्याद्रीत हे थर मिळून दोन किलोमीटरहून जाड आहेत. पूर्वेकडे ते पातळ होत होत नागपूरच्या पलीकडे संपतात. म्हणून तर त्यापलीकडच्या विदर्भात जुना खडक आणि त्यातला कोळसा हाताशी येतो, आणि पुण्या-साताऱ्यात येत नाही.

लोकलने कर्जत-कसाऱ्याकडे जाताना डोंगराकडे नीट पाहावे. जिन्याच्या पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. एकेक टप्पा म्हणजे लाव्ह्याचे थर. भूवैज्ञानिक या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरूनच हे नाव आले. हाच आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. आपल्या आयाबायांनी ज्याच्यावर चटणी वाटली तो पाटा, दळण दळले ते जाते, आपल्या माणसांनी खाणीत घाम गाळून फोडलेली रुळांखालची खडी, सगळे याच रसाचे. कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा येथील लेणी याच खडकात खोदलेली आहेत. आडवे, जाड, एकसंध थर असल्यामुळे डोंगराच्या पोटात सपाट छताची दालने कोरता आली आणि ती दोन हजार वर्षे उभी राहिली. खडक निवडणाऱ्या त्या अनाम पाथरवटांना आपल्या दगडाची जात बरोबर माहीत होती.

कोकणातील उन्हवरे किंवा ठाणे-पालघरकडील वज्रेश्वरी-गणेशपुरी येथील गरम पाण्याच्या झऱ्यांचेही असेच आहे. त्या पाण्याखाली ज्वालामुखी नाही आणि चमत्कारही नाही. पावसाचे पाणी जुन्या तड्यांतून खोल जाते, खोलवरच्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या तड्याने वर येते.

पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा तुकडा आशियाला जाऊन भिडला. दोघांमधला समुद्र आटत गेला, त्याच्या तळाचा गाळ चुरगळला आणि २,४०० किलोमीटर लांबीचा हिमालय उभा राहिला. सागरमाथा म्हणजेच एव्हरेस्ट शिखराची उंची आज ८,८४८.८६ मीटर मोजली आहे, आणि त्याच्या अगदी माथ्यावरचा चुनखडक समुद्रतळाचा आहे. त्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत. नेपाळच्या गंडकी नदीत सापडणारा शाळिग्राम घरोघरी देव म्हणून पुजला जातो, तोही एका समुद्री प्राण्याच्या शंखाचा दगड झालेला अवशेष आहे. हिमालयातून नद्यांनी गाळ आणला, त्याने गंगेचे मैदान भरले आणि तिथे भाताची खाचरे पिकली.

ही टक्कर अजून थांबलेली नाही. भारत अजून ढकलतोच आहे. म्हणूनच २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे ९ हजार माणसे गेली. या ढकलण्याचा ताण सबंध भारतभर पसरतो. बैलगाडीचे चाक खड्ड्यात अडले तर धक्का पुढच्या जुवालाच बसतो असे नाही; मागे साटीतले जुने, झिजलेले लाकूडसुद्धा करकरते. भारताच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या भेगा आहेत. ताण साचत जातो आणि एखाद्या दिवशी त्यातली एखादी भेग सरकते.

किल्लारीला हेच झाले. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल भोक पाडून पाहिले. काळ्या खडकाचा थर तिथे सुमारे ३४० मीटरच निघाला. त्याखाली फार प्राचीन खडक होता. वरून सपाट, शांत दिसणाऱ्या रानाखाली काय दडले आहे हे तोवर कोणाला ठाऊक नव्हते. सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा दाखवलेला होता. २००२ साली नकाशा सुधारला गेला तेव्हा तो मध्यम धोक्यात आला. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तिथेही जुनीच भेग सरकली. त्याच कच्छमध्ये १८१९ साली एका भूकंपात ऐंशीएक किलोमीटर लांबीची जमीन काही मीटर वर उचलली गेली आणि नदीच्या वाटेत आपोआप बांध उभा राहिला. माणसाने घातलेला नव्हे म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटले. जमीन कशी घडते हे एका दिवसात पाहायला मिळाले ते असे! कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप थोडा निराळा. तिथे ताण होताच, पण धरणाच्या अफाट पाण्याने जुन्या भेगांना निमित्त दिले, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यात सुमारे १८० माणसे गेली.

आता सर्वांत महत्त्वाचे. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस या प्रचंड शहराला ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीपेक्षा मोठा. तिथे सुमारे ६० माणसे गेली. इकडे जवळजवळ दहा हजार, तिकडे साठ! पट्ट दोन्हीकडे सरकतात, खडक दोन्हीकडे तुटतो. फरक घराचा आहे.

मराठवाड्यातील माळवदाची घरे आठवा. हातभर ते दोन हात जाड भिंती. बाहेर एक दगडाची रांग, आत एक रांग, मध्ये चिपा आणि माती भरलेली. दोन्ही रांगांना बांधणारा दगड नाही. आणि वर लाकडी सऱ्यांवर उन्हापासून बचाव म्हणून टाकलेला मातीचा भलामोठा भार. जमीन हलली, भिंतीच्या दोन रांगा दोन बाजूंना फुगल्या, कोसळल्या, आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. कुडाच्या भिंतीची, पत्र्याच्या किंवा गवताच्या छपराची हलकी घरे त्या मानाने टिकली. गरिबीने ज्यांना दगडी वाडा बांधू दिला नाही, त्यातले कित्येक त्या पहाटे वाचले.

म्हणून आम्ही वाचकांना कळकळीने सांगतो. गावाकडे घर बांधणार असाल, घरकुल योजनेतून बांधत असाल, तर गवंड्याला या गोष्टी विचारा. दगडी भिंत असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घातला का? कोपऱ्यात दोन्ही भिंती एकमेकींत गुंफल्या का? जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा बांधणारा सळई-सिमेंटचा अखंड पट्टा घातला का? दार-खिडकी कोपऱ्याला चिकटून तर नाही? छप्पर हलके आहे का? जुन्या घरावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती चढवत असाल तर आधी जुनी उतरवा. अंथरुणाच्या डोक्याशी फळीवर पितळी हंडे-कळशा रचू नका. हादरा बसलाच तर भक्कम मेजाखाली वा पलंगाखाली डोके झाका. आणि दार दोन पावलांवर असेल तरच बाहेर मोकळ्यावर जा. या पट्ट्याला सळई-सिमेंटचा थोडा खर्च येतो. सत्यनारायणाच्या एका जेवणावळीइतका असेल. निवड ज्याची त्याने करावी.

आणि अफवांविषयी. अमक्या तारखेला, अमक्या वाजता भूकंप होणार असे जो कोणी सांगेल, मग तो ज्योतिषी असो वा मोबाईलवर आलेला निरोप, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोठे धोका अधिक आहे हे शास्त्र सांगू शकते. दिवस आणि वेळ आजवर कोणालाही सांगता आलेली नाही. अशा अफवांपायी थंडी-पावसात लेकरे बाहेर निजवून आजारी पाडू नयेत.

शेवटी बालवाचकांसाठी एक काम. भूगोलाच्या पुस्तकातील जगाच्या नकाशावर पातळ कागद ठेवून आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका गिरवा, कात्रीने कापा आणि एकमेकांना लावून पाहा. मग मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाही कापून जवळ आणा. जुळणी झाली की घरातल्या मोठ्यांना बोलावून दाखवा, आणि चंद्रपूरचा कोळसा व दक्षिण ध्रुवावरच्या पानाची गोष्ट त्यांना तुम्ही सांगा. त्यानंतर वडिलांना विचारा, आपल्या गावच्या घराच्या भिंतीत आरपार दगड आहे का?